ताई, तू तसं बोलली नव्हतीस

ताई, तुझं अजून दहावंही झालेलं नाही, आणि तुझ्या नावावर एक वाक्य ब्राह्मणपुरीत घरोघर फिरतं आहे. "ऐतवारले मायकडे जासू." रविवारी आईकडे जाईन. शेवटच्या फोनवर तू असं बोललीस म्हणे. ऐकणाऱ्या बाया पदर डोळ्याला लावतात. मामी, तुझी आई, येणाऱ्या प्रत्येकीला ते सांगते.

तू तसं बोलली नव्हतीस. ते मी सांगितलं.

तू असतीस तर आधी हसली असतीस. मग तुझा तो शिकवण्याचा आवाज काढून म्हणाली असतीस, "ए सुनी, रडणं नंतर. कोणी विचारलं, काय विचारलं, कसं विचारलं, ते आधी सांग." तर तसंच सांगते. दुसरं काही मला येत नाही.

तू अशी अचानक गेलीस, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. इथं तिरुपूरला बनियनच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली होती. माझ्या मांडीवर कापायला घेतलेल्या धाग्यांचा भुसा तसाच होता. मामीचा आवाज इतका बारीक झालेला की मला वाटलं, कोणी लहान मुलगी बोलते आहे. मागे बायांचा गलका.

"सुनी, तिना मोबाईल दखा आम्ही. शेवटला फोन तुलेच व्हता."

"हां मामी."

"मन्हं नाव काढं व्हतं का तिनी? काढं व्हई ना?"

आपल्याकडे दारवर, म्हणजे दुखवट्याला, भेटायला बाया येतात तेव्हा काय होतं ते तुला सांगायला नको, पण मला ते इथं आल्यावर जास्त कळलं, कारण इथं कुणाला ते सांगून पटत नाही. एक घोळका येतो, गळ्यात पडून रडतो, बसतो, आणि मग ज्याचं माणूस गेलं त्याने पहिल्यापासून सगळं सांगायचं. सकाळी कशी उठली, काय खाल्लं, कुठे बसली. मग एखादी म्हातारी विचारणारच, शेवटलं काय बोलनी? तेवढ्यात दारात दुसरा घोळका. पुन्हा पहिल्यापासून. मामीजवळ त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. लेक शहाद्यात एकटी खोली करून राहत होती आणि शेवटचं बोलली ती दोन दिवसांच्या वाटेवर बसलेल्या आतेबहिणीशी. म्हणून तिने मला फोन केला.

आणि मी म्हटलं, "हां मामी, काढं ना."

"काय बोलनी?"

तेवढ्यात भोंगा वाजला. खरं सांगते, भोंगा नसता तरी मी हेच केलं असतं. "ऐतवारले मायकडे जासू, असं म्हननी." माझ्या तोंडातून ते इतकं सहज निघालं की मीच दचकले.

आता लाज कशाची ते सांगते. खोटं बोलले त्याची आहेच. पण त्याहून मोठी ही, की तू खरं काय बोललीस ते मला आठवत नाही. संध्याकाळची वेळ होती. फोन स्पीकरवर टाकून मी कपडे घड्या करत होते आणि डोक्यात दुसरंच चाललं होतं. त्या दिवशी सुपरवायझर माझ्या टेबलाकडे दोनदा बघून गेला होता, म्हणजे आता मला काढणार, असं मी धरून चालले होते. तुला ठाऊकच आहे, कुणी माझ्याकडे नुसतं बघितलं तरी मी घरभाड्यापर्यंत पोहोचते. तू बोलत होतीस आणि मी "हं, हं" करत होते. शेवटचं बोलणं आणि मी हं, हं.

ज्या बाईने मला आठवण म्हणजे काय ते शिकवलं, तिचीच शेवटची गोष्ट मी विसरले.

आठवीत शाळा सुटली तेव्हा घरात कुणाला फार वाईट वाटलं नव्हतं, मलाही नाही. आई आजारी, भाकरी कुणीतरी थापायलाच हवी होती. वाईट वाटलं ते एकट्या तुला. तू तेव्हा कॉलेजात होतीस. चुलीपुढे बसून माझ्याकडे असं बघितलंस जसं काही माझा हात तुटला आहे. मी चिडले होते. पुढे इतक्या वर्षांनी, लग्न होऊन मी इथं आल्यावर, तू कुणाला न विचारता फोनवर सांगून टाकलंस, "सतरा नंबरचा फॉर्म भरायचा. आधी दहावी, मग बारावी. बारावीला मानसशास्त्र घ्यायचं, ते मी शिकवणार." मी म्हटलं, ताई, मला शब्दच उच्चारता येत नाहीत. तू म्हणालीस, "कामावर तमिळ कळते का? कळते ना? मग पुस्तकातली मराठी तर मावशीची मुलगी आहे."

दहावी निघाली. पेढे तू वाटलेस, शहाद्याला तू शिकवायचीस त्या कॉलेजात, माझ्या नावाने. तिथल्या बाईंना सांगितलंस, माझी विद्यार्थिनी पास झाली. माझी बहीण नव्हे, विद्यार्थिनी. तो शब्द मी अजून कुठे ठेवावा ते मला समजत नाही.

मग रोज संध्याकाळी ते सुरू झालं. तू एखादा अभ्यास वाचून दाखवायचीस आणि मी ओळखायचं: पद्धत कोणती, चल कोणते. चल म्हणजे बदलणारी गोष्ट, एवढं माझ्या डोक्यात बसायला आठवडा गेला. तू शेवटी स्वयंपाकघरात शिरलीस. "शेवभाजीत तू मुद्दाम मिरची वाढवलीस. ते झालं स्वतंत्र चल. जेवणारे पाणी किती पितात ते बघितलंस. ते परतंत्र."

"आणि पाणी उन्हामुळे प्याले असतील तर?"

तू फोनवर टाळी वाजवलीस. "हेच! ते बाह्य चल. आपण बोलावलं नाही आणि येऊन बसलं. पोरी, हे समजायला माझ्या वर्गातल्या मुलांना दिवाळी लागते."

मी इतकी खूश झाले होते की त्या दिवशी भात करपला.

एकदा तू अगदी सहज विचारलंस, "सुनी, सारंगखेड्याच्या यात्रेत तो पांढरा घोडा उधळला, तेव्हा तू कुणाचा हात धरला होतास? पप्पांचा की माझा?"

"तुझा! माझ्या बांगड्यापण फुटल्या होत्या. मामांनी मग नवीन घेऊन दिल्या."

"कोणत्या रंगाच्या?"

"हिरव्या."

तू कितीतरी वेळ हसत होतीस. "अगं, त्या वर्षी तू यात्रेला आलीच नव्हतीस. तुला गोवर निघाला होता, माझी आई तुला कडुनिंबाच्या पाल्यावर निजवायची."

"आणि घोडा?"

"घोडा मी आत्ता पीठ मळताना जन्माला घातला."

हिरव्या बांगड्या मला स्पष्ट दिसत होत्या. अजून दिसतात. तू मात्र सोडलं नाहीस. "मी काय बदललं?" प्रश्न. "काय बघितलं?" माझी आठवण. "पद्धत?" मी अभिमानाने म्हटलं, प्रयोग. "अर्धा मार्क. तुलना कुठे आहे? दुसऱ्या कुणाला मी साधा प्रश्न विचारला का, की यात्रेत काय झालं होतं? एकट्या तुझ्यावर केलं. याला प्रयोग नाही म्हणत, खोडी म्हणतात."

प्रश्नात उत्तर घालून दिलं की माणूस ते उचलून आपलं म्हणून ठेवतो, असं तू त्या दिवशी समजावलंस. लबाडी नाही ती, म्हणालीस, डोकं असंच असतं. मोकळी जागा त्याला बघवत नाही. "काढं व्हई ना?" असं मामीने विचारलं तेव्हा मला हे सगळं ठाऊक होतं, ताई. शिकलेलं होतं. फरक एवढाच की मी फसले नव्हते. मामी फसली, आणि तिला घोडा मी दिला.

तुझा पहिला प्रयोग आठवतो? तो तरी खरा आठवतो आहे ना, अशी आता भीती वाटते. तू एम.ए. करत होतीस. आपल्या गल्लीतल्या बायांना शब्दांची यादी म्हणून दाखवायची, थोडा वेळ दुसऱ्या गप्पा मारायच्या, मग किती शब्द लक्षात राहिले ते विचारायचं. अर्ध्या जणींना यादी अहिराणीत, अर्ध्यांना पुस्तकी मराठीत. माझं काम ओट्यावरून एकेकीला आत आणणं. सुरुवातीच्या बाया अडखळत होत्या, निम्मे शब्दही धड येत नव्हते. दुपार कलली तशी बायांची स्मरणशक्ती वाढायला लागली. मराठीवाल्यांची वाढली, अहिराणीवाल्यांचीही वाढली. शेवटी जनामाय आली, जिला स्वतःच्या नातवंडांची नावं आठवत नसत. तिने सगळी यादी ओळीने म्हटली आणि वर एक शब्द पदरचा घातला.

तू उठून ओट्यावर आलीस. बाहेर पडलेली प्रत्येक बाई बसलेल्यांना शब्द पढवत होती.

"काकू, हे काय करताय तुम्ही?"

"मंग काय करूत? आम्ही इसरनूत ते पोर नापास व्हई जाई ना वं! शिकेल शे, पन भोळीच शेस तू."

त्यांना वाटलं, परीक्षा तुझी आहे. प्रत्येक विसरलेल्या शब्दामागे तुझा मार्क जाणार. तू उंबऱ्यावर बसून पोट धरून हसलीस आणि हसता हसता थोडी रडलीस, कारण सगळं काम वाया गेलं होतं. दुसऱ्या गावात जाऊन पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. पण माझ्या कानात म्हणालीस, "बाह्य चल, सुनी. शेजार."

मीही त्याच ओट्यावरची. मामीला उत्तर येत नाही हे मला बघवलं नाही आणि मी शब्द पढवला. स्वतःला समजवायला एवढं बरं आहे. पण त्या बाया तुझ्यासाठी खोटं करत होत्या. मी माझ्यासाठी केलं. मामीपुढे "मला आठवत नाही" म्हणायची लाज वाटली म्हणून.

आणि त्या बायांनी कुणाचं भांडण मिटवलं नव्हतं. मी मिटवलं.

सासर सोडून तू पिशवी घेऊन आलीस, त्या दिवसाबद्दल तुम्ही दोघी कधीच एक बोलला नाहीत. तू म्हणायचीस, आई दारात उभी होती, हात चौकटीला, आणि म्हणाली, परत जा, इथं जागा नाही. मामी देवाची शपथ घेऊन सांगते की तिने तुझ्या हातातली पिशवी घेतली, आत ठेवली आणि म्हणाली, आधी जेव, मग बघू. तू शहाद्यात खोली घेतलीस. सणाला यायचीस, आईशी बोलायचीस, पण बँकेच्या खिडकीवर बोलतात तसं. कामापुरतं.

मला वाटलं, आता मी शिकते आहे, आता मी बोलू शकते. एकदा फोनवर म्हणून टाकलं, "ताई, तूच सांगतेस ना, आठवण दर वेळी नव्याने शिजते म्हणून. मग त्या दिवसाचंही तसं झालं असेल. मामीचं बदललं असेल, तसं तुझंही."

मी थांबले नाही.

"दोघींपैकी कुणीच खोटं नसेल, ताई."

"पिशवी माझ्या हातात होती, सुनी. मला तिचं वजन आठवतं."

"बांगड्यांचा रंग मलापण आठवतो."

"ठेव फोन."

दुसऱ्या दिवशी तूच फोन केलास आणि काही झालंच नाही असं म्हणालीस, "निरीक्षण पद्धतीचे दोष सांग." मी सांगितले. तो विषय आपण परत काढला नाही. मला वाटायचं, परीक्षा झाली, गावी आले, की तुझ्या खोलीवर बसून नीट बोलू. मी चुकले असं म्हणेन, किंवा तूच म्हणशील, थोडं असेल तुझं बरोबर. दोन्हीतलं काहीही चाललं असतं मला. तो निकाल तुझा होता. तो न लावता जायचाही हक्क तुला होता. आणि तू गेल्यावर एका दिवसात, तुझ्या नावाने, तुझ्या बोलीत, मी तो लावून टाकला: ऐतवारले मायकडे जासू.

ते वाक्य आता माझं राहिलं नाही. माझ्या आईने फोनवर सांगितलं तेव्हा ते असं झालं होतं: "मायकडे जासू, चार दिन ऱ्हासू." परवा मावशीकडून आलं तेव्हा त्याला शेपूट फुटलं होतं, "मायना हातनी भाकर खासू." बाया रडताना ते हेल काढून म्हणतात म्हणे. आणि सगळ्यात वाईट सांगू? काल कारखान्यात धागे कापताना मला ते ऐकू आलं. तुझ्या आवाजात. "जासू" म्हणताना तू शेवट ओढायचीस तसा ओढलेला. क्षणभर मी खरंच धरलं, की बोलली असशील. मी ऐकलं नसेल, पण बोलली असशील.

तेव्हा मात्र घाबरले. अजून चार दिवस गेले असते तर मी शपथेवर सांगितलं असतं.

म्हणून आज चहाच्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे जाऊन मामीला फोन लावला. परवा गाडीत बसणार आहे मी, दहाव्याला पोहोचेन. समोरासमोर सांगावं, असं एक मन म्हणत होतं. पण समोर मला जमलं नसतं. तिने डोळ्यांत बघितलं असतं आणि मी भाकरीला तूपही लावलं असतं.

"मामी, एक सांगनं शे."

"बोल ना बेटा."

"ताई तसं बोलनी नही. ऐतवारनं. ते मीच सांगं. ती काय बोलनी ते माले यादच नही."

मागून कुणी विचारलं, कोन शे? मामी म्हणाली, सुनी शे.

"मंग तू तसं कसाले सांगं?"

"माले नही म्हनता उनं नही, मामी."

"आते मी त्या बायास्ले काय सांगू? सांजले आखो येतीन त्या."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडली नाही. तिच्याजवळ तुझी म्हणून जी एक गोष्ट होती, ती मी दिली होती आणि मीच काढून घेतली. माफ कर, एवढंही मला म्हणता आलं नाही.

मग ती हळू म्हणाली, "काहीच याद नही? एक बी गोट नही?"

आणि ताई, तिने या वेळी प्रश्नात काही घातलं नव्हतं. रिकामा प्रश्न होता. मी टाकीला पाठ लावून डोळे मिटले. तुझा आवाज शोधला तर पुन्हा तेच, जासू, जासू. मग मी आवाज सोडला आणि माझी खोली आठवली. कपड्यांची चळत. तिच्यावर उपडा ठेवलेला फोन. आणि मग ते आलं. मध्येच तू घाईने म्हणालीस, "थांब व, दूध उतू जाई ऱ्हायनं," फोन खडकन कुठेतरी ठेवलास, तुझ्या चपला फरशीवर वाजल्या, भांड्याचा आवाज झाला. परत येऊन तू हसत काहीतरी बोललीस. ते काहीतरी माझ्याजवळ नाही.

हे तरी खरं का, ते मी पुन्हा पुन्हा तपासलं. दुधाबद्दल मला कुणी विचारलेलं नव्हतं. त्यातून कुणाचं काही भलं होत नव्हतं. ते कुणालाच नको होतं. म्हणून मी त्यावर विश्वास ठेवला.

मामीला सांगितलं.

"दूध?"

"हां."

"उतू गयं का?"

"नही. पळत गयी ती."

"मंग च्या लिन्हा का तिनी?"

"हो" ओठांवर आला होता, ताई. एक कप चहा. त्यात कुणाचं काय जातं? तिची लेक गरम चहा पिऊन गेली, एवढंच तिला हवं होतं.

"माले म्हाईत नही, मामी."

"बरं," ती म्हणाली.

फोन तिने ठेवला नाही, नुसता मांडीवर टाकला असावा. कुणीतरी जवळ येऊन बसल्याचं ऐकू आलं, आणि एका म्हातारीचा आवाज, शेवटलं काय बोलनी वं पोर?

"दूध तापाडी ऱ्हायनी व्हती," मामी सांगत होती. "उतू जाई म्हनीसन पळत गयी."

"मंग?"

"मंग म्हाईत नही."